दुपारच्या वैमानिकासाठी सकाळची तयारी: एकट्याने लांबचं उड्डाण करताना

प्रश्न थोडक्यात असा: खासगी वैमानिकाचा परवाना आहे, साधारण १२० तास उड्डाण झालं आहे, सेस्ना १७२ हे छोटं एकइंजिनी विमान वापरायला मिळणार आहे आणि दहा-बारा दिवसांत सुमारे २,५०० सागरी मैल एकट्याने उडायचं आहे. विक्रम करायचा नाही, स्वतःला जरा नीट ओळखायचं आहे. तयारी कशी करावी, आणि अशा उड्डाणातून खरंच काही कळतं का?

कळतं, आणि फार नेमकं कळतं. सकाळी ताज्या डोक्याने नकाशावर रेघ ओढणारे तुम्ही आणि दुपारी दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी, आवाजात, उन्हात, घसा कोरडा पडलेला असताना निर्णय घेणारे तुम्ही, ही दोन वेगळी माणसं असतात. शेजारी कुणी बसलेलं असलं की हा फरक झाकला जातो. एकटं असताना झाकत नाही. म्हणून सगळी तयारी त्या दुपारच्या वैमानिकासाठी करायची. त्याला कमीत कमी हिशोब करावा लागावा, काही शोधत बसावं लागू नये, आणि मागे फिरायचं की नाही हा निर्णय तर त्याच्यावर अजिबात सोडलेला नसावा.

आधी पल्ल्याचा हिशोब. ११० नॉटच्या (तासाला ११० सागरी मैल) वेगाने २,५०० मैल म्हणजे हवेत २३ तासांच्या आसपास. दिवसाला दोन टप्पे, मिळून पाच तास, धरले तर उड्डाणाचे दिवस पाचच होतात. उरलेले दिवस हवामानाला आणि विश्रांतीला द्या. तेच तुमचं खरं संरक्षण आहे, कारण हातात रिकामे दिवस असले की ‘आजच निघायला हवं’ हे वाक्य मनात येतच नाही. परतीच्या ठरलेल्या तारखेला एखादं लग्न, परीक्षा किंवा कामाची बैठक असेल, तर विमान तिथेच ठेवून दुसऱ्या साधनाने परत येण्याची सोय निघण्याआधीच करून ठेवा.

टप्पा ३०० सागरी मैलांपेक्षा मोठा करू नका. कारण आकड्यांत पाहा. १७२ एस (सेस्ना १७२ चाच एक प्रकार) मध्ये वापरता येणारं इंधन सुमारे २०० लिटर. मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) नीट लीन केलं, म्हणजे त्यातलं इंधन कमी केलं, तर तासाला ३५ लिटर धरा, आणि इंजिन सुरू करणं, टॅक्सी (जमिनीवरून चालवत नेणं) आणि चढाई यांसाठी वरचे ८ लिटर. ४०० मैलांचा टप्पा वारा नसताना ३ तास ३८ मिनिटांत होतो, खर्च १३५ लिटर, उरतात ६५. कागदावर हे निवांत दिसतं. आता समोरून २५ नॉटचा वारा धरा. जमिनीवरचा वेग ८५ नॉट, वेळ ४ तास ४२ मिनिटं, खर्च १७३ लिटर. उरले २७, म्हणजे एक तासापेक्षा कमी. दिवसा दृश्य नियमांखाली (बाहेर पाहून उडताना) ३० मिनिटांचा साठा बऱ्याच ठिकाणी कायद्याला पुरतो. पण अनोळखी धावपट्टी बंद निघाली तर तो तुम्हाला पुरणार नाही. एकट्याने उडताना जमिनीवर उतरल्यावर एक तासाचं इंधन टाकीत असलंच पाहिजे, ही रेघ ठाम ठेवा. ३०० मैलांच्या टप्प्यात तोच वारा आला तरी ६८ लिटर उरतात.

इंधनाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. त्याच विमानासाठी खुणा करून घेतलेली डिपस्टिक (टाकीत बुडवून इंधन मोजायची काठी) वापरा, दोन्ही टाक्या स्वतः मोजा आणि झाकणं स्वतःच्या हाताने घट्ट करा. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सैल झाकणातून इंधन वर ओढलं जाऊन उडून जातं, आणि हाय-विंग (पंख केबिनच्या वर असलेल्या) विमानात तुम्हाला ते आतून दिसतही नाही. इंधन भरताना तिथेच उभे राहा. १०० एलएल एव्हगॅस निळं असतं. पिस्टन इंजिनाच्या टाकीत जेट इंधन गेलं तर रनअप (टेकऑफआधीची इंजिन-चाचणी) कदाचित नीट पार पडेल आणि इंजिन टेकऑफनंतर दगा देईल, कारण नळीत उरलेलं चांगलं इंधन तेवढंच पुरतं. थोडं मिसळलं असेल तर रंगावरून हमखास ओळखता येत नाही. शंका आली तर दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका: एव्हगॅस उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो. रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या विमानाच्या सगळ्या ड्रेनमधून (टाक्यांच्या तळाशी इंधन काढून पाहायच्या झडपा) नमुना काढा. १७२ एस ला असे १३ ड्रेन आहेत. पाऊस झाला असेल तर एक नमुना काढून भागत नाही, पाणी दिसेनासं होईपर्यंत काढत राहा.

चेरोकीसारखं लो-विंग विमान असेल तर दोन्ही टाक्या एकत्र चालवता येत नाहीत. दर ३० मिनिटांनी टाकी बदलायची, बदललेली वेळ लिहायची, आणि बदल जवळ एखादी धावपट्टी असताना करायचा. कंटाळलेला वैमानिक नेमकं हेच विसरतो.

एकट्याच्या उड्डाणात आणखी एक अडचण असते तिच्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही: हात पोहोचणं. मागच्या सीटवर ठेवलेली पाण्याची बाटली म्हणजे नसलेली बाटली. उजव्या सीटवर एक उथळ पिशवी पट्ट्याने बांधा. त्यात पाणी, घडी घातलेले नकाशे, दोन पेन्सिली, चष्मा, टॉर्च आणि मूत्रासाठीची बाटली. ही शेवटची वस्तू जमिनीवर, सीटबेल्ट लावून, एकदा वापरून पाहा. लाज वाटते म्हणून पाणी कमी प्यायचं, मग डोकं दुखतं, मग लँडिंग बिघडतं, ही साखळी फार सामान्य आहे. उजव्या बाजूचं योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण मागे ओढल्यावर पिशवीला अडत नाही ना, हे निघण्याआधी तपासा. तिथला मोकळा सीटबेल्ट बांधून टाका. पेन्सिल पेडलखाली गेली तर ती उतरेपर्यंत तिथेच राहू द्या. वाकून शोधताना विमान वळू लागतं आणि मान खाली असलेल्या माणसाला ते कळत नाही.

बॅग मागच्या सामानाच्या जागेत ठेवा, पण वजनाच्या मर्यादेत. १७२ एस मध्ये या जागेतल्या पुढच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलो आहे. पुढे एकच माणूस आणि मागे काहीच नाही अशी स्थिती नाकाकडे जड असते आणि फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, योक जास्त ओढावं लागतं. सामानासकट वजन आणि समतोल एकदा पूर्ण काढा. लायसन्ससाठी शिकताना बहुतेक वेळा शिक्षक शेजारी असतो, त्यामुळे हाताला सवय त्या वजनाची झालेली असते.

सामानात पुढच्या गोष्टी हव्यातच: इंजिनाला चालणारं ऑइल दोन-तीन लिटर, नरसाळं, चिंध्या, विमान बांधायचे दोर आणि खुंट्या, चाकांच्या खुट्या, पिटो (वेग मोजणारी बाहेरची नळी) कव्हर, कंट्रोल लॉक, दोन स्पार्क प्लग आणि त्यांचा पाना. पिटोच्या नळीत कुंभारमाशी एका दुपारात घर करू शकते, तेव्हा विमान थोड्या वेळासाठी उभं केलं तरी कव्हर घाला. प्लगची गोष्ट जुनी आहे. १९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने उड्डाण करण्याची स्पर्धा होती. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते आणि ॲस्पी इंजिनियर (हे आडनाव) उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला इंजिनियर प्लगअभावी अडकलेले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले आणि स्पर्धा इंजिनियर यांनी जिंकली. दिलदारी आपल्या जागी आहेच, पण वाटेत कुणी प्लग घेऊन भेटेल असं गृहीत धरून निघू नका.

आता हवामान. परवान्याच्या किमान मर्यादा, म्हणजे साधारण ५ किलोमीटर दृश्यता, या अंगणातल्या उड्डाणासाठी ठीक आहेत. अनोळखी प्रदेशात एकट्यासाठी ८ ते १० किलोमीटर धरा आणि ढगांचा तळ जमिनीपासून किमान २,००० फूट. तळाचा अंदाज स्वतःही काढता येतो: तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांतला अंशांतला फरक गुणिले ४०० फूट. ३० आणि २० अंश असतील तर तळ ४,००० फुटांच्या जवळपास. संध्याकाळी हाच फरक ३ अंशांच्या खाली यायला लागला तर धुकं जवळ आलं आहे असं समजा. वादळी ढगांपासून २० मैल लांब राहा. डोंगररांग ओलांडायची असेल तर निदान २,००० फूट वरून आणि ४५ अंशांच्या तिरक्या दिशेने जा, म्हणजे खाली ओढणारी हवा लागली तर अर्ध्याच वळणात बाहेर पडता येतं.

उष्णतेचा हिशोबही सकाळीच करा. धावपट्टी ३,००० फुटांवर आणि तापमान ३५ अंश असेल, तर त्या उंचीला प्रमाण तापमान ९ अंश, फरक २६. दर अंशाला १२० फूट धरले की घनता-उंची (हवा विरळ झाल्यामुळे विमानाला जाणवणारी उंची) ६,१०० फुटांच्या वर जाते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के शक्ती गमावतं आणि टेकऑफची धाव समुद्रसपाटीच्या तुलनेत दीडपटीहून जास्त होते. मॅन्युअलमधल्या अंतरावर आणखी ५० टक्के चढवा. बसत नसेल तर सकाळी निघा.

ढगात शिरणं हा सगळ्यांत महागडा धोका, म्हणून त्यावर थोडं थांबतो. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना कृत्रिमरीत्या बाहेरचं दृश्य तोडून उडवलं गेलं. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले, आणि सुटला सगळ्यांचाच. कारण साधं आहे: कानाच्या आतला तोल हळू सुरू झालेलं वळण ओळखत नाही, आणि ओळखलं तेव्हा उलट दिशा सांगतो. यावर उपाय एकच, सरावाचा. शिक्षकासोबत हूड (बाहेरचं दृश्य झाकणारी टोपी) घालून १८० अंशांचं वळण दहा वेळा करा: पंख सरळ, मग कृत्रिम क्षितिजावर १५ ते २० अंशांचा कल, सेकंदाला ३ अंशांच्या वेगाने एक मिनिट, पुन्हा सरळ. थ्रॉटलला हात लावायचा नाही, योक दोन बोटांनी धरायचं. हे वळण हाताला येईपर्यंत लांबच्या प्रवासाला निघू नका.

पण ढगात शिरतो तो बहुतेक वेळा दृश्यता अचानक गेली म्हणून शिरत नाही. ती पाच-पाच मिनिटांनी थोडी थोडी जाते आणि प्रत्येक वेळी ‘अजून एवढं चालेल’ असं वाटतं. म्हणूनच मागे फिरण्याच्या रेघा सकाळी शाईने एका कार्डावर लिहायच्या आणि कार्ड डोळ्यांसमोर लावायचं. जमिनीपासून १,५०० फुटांच्या खाली यावं लागलं तर. ढगांखाली राहायला दोनदा उंची कमी करावी लागली तर. पोहोचल्यावर एक तासापेक्षा कमी इंधन उरेल असं दिसलं तर. सूर्यास्ताच्या तासभर आधी उतरता येणार नसेल तर. यांतली एकही रेघ ओलांडली की मागे फिरायचं किंवा जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. दुपारच्या वैमानिकाचं काम फक्त कार्ड वाचायचं.

मार्ग चुकला तर आधी कबूल करा. साठास एक हा नियम कागदाशिवाय जमतो: ६० मैलांवर १ मैल सरकलं म्हणजे १ अंश. ३० मैलांत ३ मैल सरकलात तर चूक ६ अंशांची. पुढे ४५ मैल उरले असतील तर तिथे पोहोचायला आणखी ४ अंश, एकूण दुरुस्ती १० अंशांची. टॅबलेट असतोच, पण उन्हात तापून तो बंद पडतो, तेही भर दुपारी. एक संपूर्ण टप्पा टॅबलेट झाकून उडण्याचा सराव करा. नदी, किनारा, रेल्वे अशी लांब रेघ गाठायची असेल तर मुद्दाम एका बाजूला थोडं झुकून जा, म्हणजे रेघ लागली की कुठे वळायचं ते नक्की असतं. ब्रिटिश वैमानिक फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९३१ मध्ये टास्मान समुद्रावरची चिमुकली बेटं अशीच गाठली होती, जिप्सी मॉथ या छोट्या विमानातून, एकट्याने, सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजायचं उपकरण) हाताळत.

खरोखर चुकलात तर वर चढा, रेडिओवर बोला, ‘मला माझी जागा नक्की माहीत नाही’ असं स्पष्ट सांगा, सांगतील ते करा आणि इंधन वाचवा. यात सगळ्यांत अवघड असतं ते तिसरं. अनेक चांगले वैमानिक वीस मिनिटं गप्प राहतात, कारण आवाजात अनिश्चितता ऐकू जाईल याची त्यांना लाज वाटते. स्वतःला ओळखायचं असेल तर ही जागा पाहण्यासारखी आहे: शंका आल्यापासून बोलेपर्यंत तुम्ही किती मिनिटं घेतलीत? धावपट्टीची ओळखही अशीच पडताळायची. धावपट्टीचा क्रमांक तुमच्या हेडिंगशी (नाकाच्या दिशेशी) जुळतो का ते लँडिंगपूर्वी मोठ्याने बोला. अमेरिकन वैमानिक जेरी मॉक यांनी १९६४ मध्ये सेस्ना १८० मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यासुद्धा कैरो समजून जवळच्या इन्शास या लष्करी तळावर उतरल्या होत्या. दमलेल्या डोळ्यांना जे हवं असतं तेच दिसतं.

कानांनाही तसंच होतं. पाण्यावर, जंगलावर किंवा डोंगरांवर पोहोचलात की इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. अजिबात बिघाड नसताना खरखर ऐकू येते. वैमानिक याला ‘ऑटोमॅटिक रफ’ म्हणतात. घाबरून थ्रॉटल-मिक्श्चर हलवू लागलात तर खरी अडचण तयार होते. इथे वहीचा उपयोग होतो. निघाल्यापासून दर ३० मिनिटांनी एक ओळ: वेळ, ठिकाण, आरपीएम, ऑइलचा दाब, ऑइलचं तापमान, व्होल्टेज, खर्च झालेलं इंधन. आवाज बदलला असं वाटलं की मागची ओळ आणि आताचे काटे शेजारी ठेवा. आकडे तेच असतील तर इंजिन तेच आहे, बदलला आहात तुम्ही. आकडे हलले असतील तर क्रमाने तपासा: कार्ब्युरेटरचं इंजिन असेल तर कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये साठलेला बर्फ वितळवणारी गरम हवा) पूर्ण, मग मिक्श्चर, टाकी, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र). कार्ब हीट दिल्यावर बर्फ वितळताना इंजिन काही क्षण आणखी वाईट चालतं. नेमकं तेव्हा घाबरून ती बंद करणं ही नेहमीची चूक. दमट हवेत हा बर्फ बाहेर २५ अंश असतानाही साठतो.

अल्टरनेटर गेला तर इंजिन थांबत नाही, मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, हे आधीच मनात पक्कं करून ठेवा. अनावश्यक उपकरणं बंद करा, बॅटरीवर साधारण अर्धा तास धरा, उतरा. इंजिनच थांबलं तर १७२ एस चा ग्लाइडचा वेग ६८ नॉट, आणि दर हजार फुटांना सुमारे दीड मैल. जमिनीपासून ६,००० फुटांवर असाल तर ९ मैल हातात आहेत. म्हणून पाणी ओलांडताना उंची घ्या. ती फुकटात मिळणारी वेळ आहे.

वहीच्या त्याच ओळीत शेवटी एक आकडा स्वतःसाठी लिहा, १ ते ५. ताजेतवाने असाल तर ५. मला हा रकाना सगळ्यांत मोलाचा वाटतो. थकवा जाणवण्याआधी तो अक्षरात, चुकलेल्या बेरजेत आणि उशिरा लिहिलेल्या ओळीत दिसतो. कार्डावरच्या चार रेघांना ही पाचवी जोडा: आकडा २ झाला की रेघ ओलांडली गेली, उतरायचं. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा त्रासही थकव्यासारखाच येतो: डोकं जड, किंचित मळमळ, बेफिकिरी. केबिन हीटर एक्झॉस्टभोवतीच्या गरम हवेवर चालतो, आणि तिथली एक चीर पुरते. रंग बदलणाऱ्या ठिपक्याऐवजी आवाज करणारा डिटेक्टर घ्या. तो वाजला तर हीटर बंद, हवेची सगळी तोंडं उघडी, जवळ उतरा.

अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर साडेतेहतीस तासांत एकट्याने कापलं, आणि झोपेअभावी केबिनमध्ये आकृत्या दिसल्याचं पुढे त्यांनीच लिहिलं. तुमच्या टप्प्यांत इतकं काही होणार नाही. होतो तो कंटाळा. दुसऱ्या तासाला विमान ट्रिममध्ये असतं (हात न लावता सरळ जातं), हवा शांत असते आणि मन दुसरीकडे जातं. जाऊ द्या, त्यासाठीच तर निघाला आहात. फक्त दर अर्ध्या तासाने गजर लावा आणि ओळ लिहायला परत या. प्रत्येक कृती मोठ्याने बोला, बोटाने दाखवा: ‘टाकी दोन्ही, मिक्श्चर रिच, दाब हिरव्यात.’ चूक पकडणारा दुसरा माणूस नसतो, तेव्हा स्वतःचा आवाजच ते काम करतो.

जमिनीवर एक विश्वासू माणूस ठेवा आणि त्याला लेखी द्या: किती वाजेपर्यंत संदेश आला नाही तर कुणाला फोन करायचा. फ्लाइट प्लॅन दाखल करा आणि उतरल्यावर आठवणीने बंद करा. ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटांत पत्ता लागला नाही तर शोधयंत्रणा हलू लागते. आपत्कालीन बीकन ४०६ मेगाहर्ट्झचा हवा. जुन्या १२१.५ च्या बीकनकडे उपग्रहांनी लक्ष देणं फेब्रुवारी २००९ मध्येच थांबवलं. बीकन मागच्या बॅगेत ठेवू नका, अंगावर ठेवा.

निघण्याआधी तीन रंगीत तालमी: शिक्षकासोबत चार तासांचं उड्डाण, त्यात अचानक सांगितलेलं डायव्हर्जन (दुसऱ्याच धावपट्टीकडे वळणं). मग एकट्याने एका दिवसात दोन टप्पे. मग दोन मुक्कामांची तीन दिवसांची फेरी, सगळ्या सामानासकट. तिसऱ्या दिवशी वहीतला स्वतःचा आकडा कसा पडतो ते पाहा. त्यावरून मुख्य प्रवासात विश्रांतीचा दिवस कितव्या दिवशी घ्यायचा ते ठरवा.

रोज संध्याकाळी वहीत दोन रकाने जुळवा. सकाळी काय ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय केलं. अंदाजे इंधन आणि डिपस्टिकवरचं इंधन. रेघ ओलांडल्याची वेळ आणि मागे वळल्याची वेळ. पाच दिवसांच्या या नोंदींत तुमचा स्वभाव सापडेल: तुम्ही आशावादी बाजूला किती लिटर चुकता, ‘नाही’ म्हणायला किती मिनिटं लावता, आणि दिवसाच्या कोणत्या तासाला हे आकडे बिघडतात.

शेवटच्या टप्प्यावर कार्डातली एकही रेघ सैल करू नका. घरची धावपट्टी ओळखीची असते, लोक वाट पाहत असतात आणि सगळा प्रवास नीट झालेला असतो. दुपारचा वैमानिक या तिन्ही गोष्टी कारण म्हणून पुढे करतो. उतरल्यावर इंजिन बंद करा, फ्लाइट प्लॅन बंद करा, टाकीत डिपस्टिक घालून शेवटचा आकडा लिहा, विमान बांधा. फोन त्यानंतर.